सायरन सर आई होतात

शाळेतली मुलं पीटीच्या सरांना पाठीमागे ‘सायरन’ म्हणायची. समोर काहीच म्हणायची नाहीत, कारण सर समोर आले की भल्याभल्यांची दातखीळ बसायची. सरांच्या गळ्यात कायम स्टीलची शिट्टी असे. ती वाजली की मैदानावरचं पोर जागच्या जागी थिजे, चॅपलच्या छपरावरची कबुतरं उडत आणि ऑफिसातल्या कारकूनबाई हातातला शिक्का नको त्या कागदावर मारून बसत. एकदा म्हणे रस्त्यावरून चाललेला पाववाला सायकल थांबवून दोन्ही हात वर करून उभा राहिला होता.

सरांचं जगाबद्दल एकच मागणं होतं. माणसाने ओळीत चालावं. प्रार्थनेला ओळीत, डबा खायला ओळीत, घरी जाताना ओळीत. पोरं मात्र अशी वात्रट, की सरांची पाठ वळली रे वळली की ओळीच्या पार शेवया व्हायच्या. सर ओरडून ओरडून घसा बसवून घेत, आणि दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पुन्हा पाणी ओतायला ताजेतवाने हजर.

शाळा नन्सची. मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या सिस्टर. नावाच्याच मोठ्या, उंची एवढी बेताची की टेबलामागे बसल्या की फक्त चष्मा दिसे. त्यांचा आवाज सायीसारखा मऊ होता. त्या काहीतरी विचारत, समोरचा “हो सिस्टर” म्हणून बाहेर पडे, आणि जिना उतरताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडे की आपण भलत्याच गोष्टीला हो म्हणून बसलो आहोत.

मोठ्या सिस्टर दरवर्षी शाळेला एक विषय देत. त्या वर्षीचा विषय होता ‘आपली धरती, आपले शेजारी’. सगळ्यांना कामं वाटून झाली. सहावीने चर्चमागच्या वृद्धाश्रमात जाऊन आजीआजोबांना पेपर वाचून दाखवायचा. सातवीने कचरा वेगळा करायचा. आठवीने शाळेमागच्या पडीक जागेत तळं खोदायचं. पाचवीने भाज्या लावायच्या.

“आणि सर, तुम्ही?” सिस्टरांनी विचारलं.

“माझं खेळाचं वेळापत्रक गच्च आहे, सिस्टर,” सर ताठ उभं राहून म्हणाले. “श्वास घ्यायला फुरसत नाही.”

“बरं,” सिस्टर म्हणाल्या.

सर खुशीत बाहेर पडले. सिस्टरांचं ‘बरं’ ज्यांनी जास्त वर्षं ऐकलं होतं, ते शिक्षक एकमेकांना कोपराने ढोसू लागले.

पाचवीने मोठ्या हौसेने कोबी आणि गाजरं लावली. आठवड्याभरात कोवळ्या पानांची चाळण झाली. गोगलगाई! दिवसा एक दिसेल तर शपथ, आणि सकाळी बघावं तर वाफ्यात पंगत उठून गेलेली. गोगलगाय न् पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही. कोणीतरी औषध मारायचं सुचवलं, पण विज्ञानाच्या बाई हो म्हणेनात. या बाई म्हणजे उत्साहाचा फुटलेला नळ. “विष कशाला? बदकं पाळू! बदकं गोगलगाई आवडीने खातात. आणि आठवीचं तळं आहेच की!” असं म्हणून त्यांनी कुठूनशी सहा अंडी मिळवली, प्रयोगशाळेत उबवणपेटी मांडली, आणि जवळजवळ महिनाभर त्या पेटीसमोरून मुलांना चवड्यांवर चालायला लावलं.

आणि नेमकी अंडी फुटायच्या दिवशी बाईंना अक्कलदाढ आली. गाल टम्म फुगला. बाई तोंडाला रुमाल लावून दातांच्या डॉक्टरकडे पळाल्या.

मोठ्या सिस्टरांनी सरांना व्हरांड्यात गाठलं. “सर, या तासाला मैदान रिकामं दिसतंय.”

“हो सिस्टर,” सर म्हणाले, आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता.

प्रयोगशाळेत पाचवीची पोरं पेटीभोवती मोहोळासारखी लगडली होती. सरांनी त्यांना हाताची घडी घालून बाकांवर बसवलं आणि स्वतः पेटीशेजारी पहाऱ्याला उभे राहिले. थोडा वेळ सगळं शांत होतं. मग पेटीतून ‘टक्’ असा आवाज आला.

“सर, फुटतंय!” पुढच्या बाकावरची मुलगी किंचाळली.

क्षणात अख्खा वर्ग पेटीवर कोसळला. कोणी बाकावर चढलं, कोणी कोणाच्या पाठीवर. काचेची चंबू-नळकांडी लटलटली. दारामागचा हाडांचा सांगाडा गदगदा हलला आणि त्याचा एक हात सरांच्या खांद्यावर पडला. सर जे दचकले, ते सवयीने शिट्टी तोंडात धरून त्यांनी सगळं बळ एकवटून फुंकली.

बंद खोलीत ती शिट्टी म्हणजे काय! मुलांनी कानांवर हात घेतले. आणि जणू त्या शिट्टीचीच वाट बघत असल्यासारखी अंडी तडातडा फुटली. एक, दोन, तीन, चार, पाच ओली, केविलवाणी डोकी कवचातून वर आली. त्यांनी मान वळवून शिट्टी कुठे वाजली ते पाहिलं. पेटीच्या काचेपलीकडे सरांचं लालबुंद तोंड होतं, गाल अजून फुगलेले.

“पी?” पाचही जण म्हणाले.

सहावं अंडं काही फुटेना. सर नको नको म्हणत वाकले, काचेला नाक लावलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “अरे, ये ना बाबा.” मग तेही फुटलं. त्यातून सगळ्यात बारकं पिल्लू बाहेर पडलं आणि पडल्या पडल्या काचेवर सरांच्या नाकासमोर आपली चोच टेकवून उभं राहिलं. मुलांनी त्याचं नाव तिथल्या तिथे ठेवलं. शेंडेफळ.

तास संपला. सर दाराकडे निघाले, तर पेटीत असा आकांत सुरू झाला की शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर धावत आले. सर परत फिरले, आकांत थांबला. सर निघाले, पुन्हा सुरू. सरांनी तीन वेळा करून पाहिलं. मुलांना इतकी मजा शाळेत कधी आली नव्हती.

तेवढ्यात विज्ञानाच्या बाई परतल्या. अर्धं तोंड बधिर होतं, पण उत्साह काही बधिर झाला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पिल्लांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

“फर, अफिनंदन!” त्या म्हणाल्या. “तुमी आयी झालात!”

“काय झालो?”

“आयी! फदकाची फिल्लं फैल्यांदा ज्याला फघतात, त्यालाच आयी मानतात!”

सर तडक मोठ्या सिस्टरांकडे गेले. “सिस्टर, हे माझ्याने व्हायचं नाही. मी क्रीडाशिक्षक आहे.”

सिस्टरांनी चष्मा पुसला. “सर, देव कोणाच्या पदरात काय टाकेल, ते आपण ठरवतो का?”

“पण सिस्टर, पदर मला नाहीच मुळी!”

“बरं,” सिस्टर म्हणाल्या. “पंख फुटेपर्यंतच प्रश्न आहे. विज्ञानाच्या बाई सांगतात, खऱ्या आईच्या पिसांचं तेल यांच्या अंगाला लागलेलं नाही, म्हणून आत्ता पाण्यात सोडली तर भिजून गारठतील. थोडे आठवडे सांभाळा. मग तळं तयार होईल, बिशप येतील, तळ्याला आशीर्वाद देतील आणि बदकं पाण्यात उतरतील. झालं.”

संध्याकाळी सर घरी आले ते फुटबॉलची पिशवी पोटाशी धरून. त्यांची बायको पुढच्या खोलीत शिलाईचं काम करायची. मशीनवरून मान वर न करता तिने विचारलं, “अहो, पिशवीत काय आहे?”

“काही नाही.”

“पी,” पिशवी म्हणाली.

मशीन थांबलं. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर पदार्थात मीठ किती पडलंय ते ठरवावं तशा गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “एकुलत्या एका पोरीच्या वेळी तुम्ही एकदाही उठला नव्हतात. चला, देर आए—”

“अगं, पिल्लं आहेत ती!”

“तीसुद्धा पिल्लूच होती.”

त्यांची मुलगी सातवीत होती, त्याच शाळेत. तिने आतून येऊन पिशवी पाहिली आणि जमिनीवर फतकल मारली. “बाबा, तू यांना घेऊन शाळेत येणार?” तिने विचारलं. तिला आनंद झालाय की धरणीने पोटात घ्यावं असं वाटतंय, ते सरांना तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

दुसऱ्या दिवसापर्यंत घराच्या फरशीची जी दशा झाली, ती सांगण्यात हशील नाही. बायकोने पोछा मारून कंबर धरली, आणि मग उरल्यासुरल्या चिंध्यांची टोपली ओढून मशीनवर बसली. पिल्लांना बारीक इलास्टिकचे लंगोट शिवले. चिंध्या शाळेच्या गणवेशाच्या होत्या, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या. त्यामुळे सोमवारी प्रार्थनेच्या वेळी फाटकातून सर आत आले आणि त्यांच्यामागून सहा पिल्लं, गणवेशात, एकामागून एक, एका रेषेत आली, तेव्हा शाळेचा वॉचमन सलाम करायचा विसरला.

सर नेहमीसारखे ओरडले, “ओळीत!” मुलांच्या नेहमीप्रमाणे शेवया झाल्या. पिल्लं तेवढी सुतात उभी.

“बघा!” सर गरजले. “यांना जन्माला येऊन आठवडा झाला नाही! शिका काहीतरी!”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बदकांची बाजू घेतली. पण बाण सुटला होता.

त्यानंतरचे आठवडे सरांच्या नाकी नऊ आले. शिट्टी फुंकायची सोय राहिली नाही. फाऊल झाला म्हणून शिट्टी वाजली की भाजीच्या वाफ्यातून, दप्तरांच्या ढिगातून, जिथे असतील तिथून सहाही जण माना ताणून मैदानात धावत येत. शेंडेफळ नेहमी शेवटी, दोनदा तोंडावर आपटून. फुटबॉल खेळणारी मुलं पाय हवेत धरून उभी राहत. शेवटी सरांनी शिट्टी खिशात टाकली आणि हातवारे करून खेळ चालवला. त्यांना लांबून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस मधमाश्या हाकलतो आहे. स्टाफरूममध्ये सर चहा पिताना पिल्लं त्यांच्या बुटांवर झोपत, आणि बूट हलू नयेत म्हणून सर तास चुकवू लागले. कारकूनबाई म्हणाल्या, “सर, तुमचा आवाज हल्ली बसलेला नसतो.” सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

सहावीच्या मुलांबरोबर वृद्धाश्रमात जायची पाळी भूगोलाच्या सरांची होती. पण आजीआजोबांनी पिल्लांची बातमी ऐकली होती आणि निरोप धाडला होता की पेपर नको, बदकं पाठवा. मोठ्या सिस्टरांनी सरांना विचारलं. सर “हो सिस्टर” म्हणाले, आणि यावेळी त्यांनी जीभही चावली नाही. सवय, दुसरं काय.

वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात आजीआजोबा खुर्च्यांवर गोल करून बसले होते. एक निवृत्त न्यायाधीश आजोबा प्रत्येक पिल्लाला “नाव? वय? धंदा?” असं विचारत होते आणि ‘पी’ एवढंच उत्तर मिळाल्यावर मान हलवून म्हणत होते, “साक्षीदार काहीतरी लपवतोय.” एका आजींनी शेंडेफळाला शालीत गुंडाळून घेतलं आणि परत द्यायला साफ नकार दिला.

खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत थोरल्या सिस्टर होत्या. शाळेच्या आधीच्या मुख्याध्यापिका. कान थकले होते, पण नजर अजून सुईत दोरा ओवेल अशी. त्यांनी सरांकडे बराच वेळ टक लावून पाहिलं, आणि मग अख्ख्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं त्या ओरडल्या,

“अरे, हा तर आपला गळका!”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“सिस्टर, नमस्कार,” ते घाईघाईने पुढे होऊन पुटपुटले. “मुलं आहेत, जरा हळू—”

“काय म्हणतोस? मला ऐकू येत नाही!” थोरल्या सिस्टर आणखी मोठ्याने म्हणाल्या आणि सहावीच्या मुलांकडे वळल्या. “मुलांनो, याला मी पहिलीत शिकवलंय. नाक बारा महिने गळायचं! आणि रांगेत म्हणाल तर एक दिवस सरळ उभा राहिला असेल तर शपथ. आज झाडावर, उद्या घंटेच्या दोरीला लोंबकळतोय! शेवटी मी याला माझ्या कमरेच्या दोरीला बांधून फिरवायची. जिथे मी, तिथे हा मागून!”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. हसू दाबताना एकाच्या नाकातून आवाज आला, आणि मग बांध फुटला. न्यायाधीश आजोबा टेबल वाजवून “शांतता!” म्हणाले आणि स्वतःच सगळ्यात जोरात हसले.

सर कानापर्यंत लाल झाले. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. पण पायाशी पाच पिल्लं शांत झोपली होती. ओरडलं असतं तर उठली असती. सरांनी तोंड मिटलं.

परतताना सहावीतली मुलं ओळीत चालली नाहीत. ती सरांच्या आजूबाजूला घोळक्याने चालली आणि विचारत राहिली. “सर, खरंच घंटेला लोंबकळलात? सर, घंटा वाजली? सर, मग मार बसला?” सरांनी शाळा येईपर्यंत सगळं सांगितलं, अगदी कबुतराचं घरटं दप्तरात आणल्याचंसुद्धा. शेंडेफळ शालीसकट परत मिळालं होतं, ते सरांच्या खिशात होतं.

पिल्लांना पंख फुटले. ‘पी’चं ‘पॅक’ झालं. लंगोट पुरेनासे झाले. आठवीचं तळं खोदून, चोपून, भरून तयार झालं. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. बदकं पाण्यात उतरेनात.

सर काठावर उभे राहून म्हणाले, “उतरा.” बदकं त्यांच्याकडे बघत राहिली. सरांनी गाजराच्या साली पाण्यात टाकल्या. बदकांनी सालींकडे पाहिलं, मग सरांकडे, जणू म्हणत होती, आधी तुम्ही.

“आई उतरली की पोरं उतरतात,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. दाढ काढली गेली होती, त्यामुळे आता शब्द स्पष्ट होते आणि टाळता येत नव्हते. “सर, तुम्ही पुढे व्हा.”

आता एक गोष्ट शाळेत कोणालाच ठाऊक नव्हती. सरांना पाण्याची भीती वाटायची. थोडीथोडकी नाही, चांगली सणसणीत. पाणी प्यायला ठीक, बादलीत ठीक. पण पाय बुडेल एवढं पाणी एका जागी साठलेलं दिसलं की ते धरायला काहीतरी शोधू लागत. दरवर्षी शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीला ते कानात कापूस घालून काठावरच्या खुर्चीत बसत. “पडदा फाटलाय,” म्हणत. बायकोला खरं माहीत होतं, पण तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

“माझा कान,” सर म्हणाले.

“बिशप येतील त्या दिवशी बघू,” मोठ्या सिस्टर मागून म्हणाल्या. त्या तिथे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, देव जाणे.

बिशप आले त्या दिवशी तळ्याभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे वृद्धाश्रमाची मंडळी, मागे पालक, त्यांच्यात सरांची बायको, आणि कडेने मुलं. बिशप उंच, किडकिडीत आणि स्वभावाने गरीब होते. पण त्यांचे चिटणीस फादर त्यांच्यासाठी जे भाषण लिहून आणत, त्याची कीर्ती सगळीकडे पसरली होती. मागे एका समारंभात भाषण संपेपर्यंत वेदीवरच्या मेणबत्त्या विझल्या होत्या आणि पुढच्या रांगेतले दोन फादर घोरत होते. आजही चिटणीस फादरांच्या काखेत जाडजूड फाईल होती. ती पाहून पालकांनी आधीच उसासे सोडले.

प्रार्थना झाली. बिशपांनी तळ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. म्हटलं तर पाण्यावर पाणी, पण सगळ्यांनी श्रद्धेने माना झुकवल्या. मग मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “आणि आता आपली बदकं.”

सगळ्यांच्या माना वळल्या. सर ठेवणीतल्या ट्रॅकसूटमध्ये काठावर उभे होते आणि सहा बदकं त्यांच्या टाचांमागे. कोणी हललं नाही. कुठेतरी एक बाळ रडलं. न्यायाधीश आजोबा म्हणाले, “पुढची तारीख घ्या.”

“सर,” मोठ्या सिस्टर सायीच्या आवाजात म्हणाल्या.

“सिस्टर, माझा कान—”

“कान कोरडाच राहील, सर. पाणी गुडघाभर आहे. आठवीला मी तसं बजावून सांगितलं होतं.”

आठवीच्या मुलांनी पटकन एकमेकांकडे पाहिलं आणि मग आभाळाकडे.

सरांना मागून मुलीचा आवाज ऐकू आला, अगदी हलका. “बाबा, जा ना. मी आहे इथे.”

सातवीतल्या पोरीच्या असण्याने बुडणाऱ्या माणसाला काय उपयोग, हा प्रश्न होताच. पण सरांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, डोळे मिटले आणि पाय टाकला. गार पाणी, खाली मऊ चिखल. दुसरा पाय. घोट्याच्या वर. गुडघ्याखाली. अहो, काहीच नाही की हे! सरांनी डोळे उघडले, छाती पुढे काढली, रुबाबात आणखी एक पाऊल टाकलं, आणि दिसेनासे झाले.

आठवीच्या मुलांना खोदताना जरा जोर आला होता, एवढंच. मध्यभागी त्यांना पृथ्वीच्या पलीकडे जाता येतंय का ते बघायचं होतं.

सरांची टोपी पाण्यावर तरंगत राहिली. मग टोपीशेजारी सर वर आले, गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे बशीएवढे. ओरडावं तर तोंडात पाणी. त्यांनी धडपडत खिशातली शिट्टी काढली आणि फुंकली. त्यातून ‘गुळूळूळू’ असा आवाज आला. पण पोरांना आईची भाषा कळते. सहाही बदकं एकदम हवेत उडी मारून पाण्यात पडली आणि ‘पॅक पॅक’ करत सरांभोवती गरागरा फिरू लागली. शेंडेफळ थेट त्यांच्या डोक्यावर चढून बसलं.

“उतरली! उतरली!” विज्ञानाच्या बाई नाचू लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर हात मारत होते, तो अभिवादनाचाच भाग आहे असं बहुतेकांना वाटलं.

बिशपांना मात्र तसं वाटलं नाही. त्यांच्या हातात त्यांची ती मानाची काठी होती, मेंढपाळाची असते तशी, वरच्या टोकाला मोठा आकडा असलेली. ते झगा आवरून काठावर गुडघ्यांवर बसले, काठी उलटी धरली, आकडा सरांच्या कॉलरमध्ये नेमका अडकवला आणि ओढलं. सर, शेंडेफळ आणि भरपूर चिखल काठाला लागले.

“इतकी वर्षं ही काठी मिरवतोय,” बिशप धापा टाकत म्हणाले, “कामाला आज पहिल्यांदा आली.”

चिटणीस फादरही मदतीला धावले होते. त्यांचा पाय चिखलात घसरला. ते कसेबसे सावरले, पण काखेतली फाईल नाही सावरली. ती तळ्यात उघडली आणि भाषणाची पानं पाण्यावर लांबच लांब पसरली. बदकांनी ती पाहिली. पहिल्याने प्रस्तावना खाल्ली. दोघांनी ‘आजच्या युगातील पर्यावरण’ दोन्हीकडून ओढून फाडलं. शेंडेफळाने उपसंहार तोंडात धरला आणि पळ काढला.

“माझी प्रत! एकच होती!” चिटणीस फादर कासावीस झाले. “कोणीतरी काढा!”

कोणीही जागचं हललं नाही. इतक्या पालकांचं एकमत शाळेने कधी पाहिलं नव्हतं.

बिशप उठून उभे राहिले. झग्याला गुडघ्यांपर्यंत चिखल लागला होता. त्यांनी तळ्याकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं, घोंगडीत गुंडाळलेल्या, दात वाजणाऱ्या सरांकडे पाहिलं. कागद हातात नसताना बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

“तळं चांगलं आहे,” ते म्हणाले. “जरा खोल आहे. आमेन.”

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की चॅपलवरची कबुतरं दोनदा उडाली. थोरल्या सिस्टरांनी चाकाच्या खुर्चीतून शेजारच्या आजींना विचारलं, “भाषण संपलं? इतक्यात?” आणि मग समाधानाने म्हणाल्या, “हा मुलगा पुढे येईल.”

बदकं त्या दिवसापासून तळ्यावर राहिली. गोगलगाईंचा फडशा पडला. गोगलगाई संपल्यावर बदकांनी उरलेला कोबीही संपवला, आणि पाचवीच्या हाती वर्षभराच्या मेहनतीचं एकच गाजर लागलं, तेही दोन पायांचं. ते त्यांनी वाजतगाजत वृद्धाश्रमात नेऊन दिलं. तिथे ते कापायला कोणाचा धीर झाला नाही. न्यायाधीश आजोबांनी ते कपाटावर ठेवून दिलं.

सरांच्या घरातली फरशी कोरडी झाली. बायकोने लंगोट धुऊन, घड्या करून फडताळात ठेवले. टाकले मात्र नाहीत. पहिले काही दिवस सर शाळेत आल्यावर बदकं धावत यायची. मग नुसती मान वर करायची. एका सकाळी सर तळ्याशी गेले, खाकरले, शेवटी आजूबाजूला कोणी नाही असं बघून “पॅक” असंही म्हणाले. बदकं पलीकडच्या काठाला चिखलात चोची खुपसून बसली होती. एकानेही वळून पाहिलं नाही. शेंडेफळानेही नाही.

सर त्या दिवशी घरी आले ते बूट न काढताच जेवायला बसले. जेवताना बायकोने विचारलं, तर म्हणाले, “ओळख विसरली.”

“विसरली नाहीत,” बायको म्हणाली. “मोठी झाली. आपली नाही का होत चालली?”

मुलीने ताटावरून मान वर केली. तिने बापाकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, शनिवारी काय करतोस?”

गावात पोहण्याचा तलाव होता, शिकणाऱ्यांसाठी उथळ बाजू असलेला. शनिवारी सकाळी तिथे चार-पाच वर्षांची पोरं दंडांना फुगे बांधून डुंबत होती. त्यांच्यामध्ये, दंडाला तसेच पण मोठे, केशरी फुगे बांधून सर उभे होते. दोन्ही हातांनी त्यांनी कठडा असा धरला होता, की सोडवायला पहार लागली असती. समोर मुलगी पाण्यात उभी होती, हात पुढे करून.

“बाबा, पाय उचल.”

“उचलला.”

“एकच उचललायस. दुसरा?”

“दुसरा पुढच्या शनिवारी,” सर म्हणाले.